तुंबडी ते एकशे पंचवीस : न भरणाऱ्या जखमेचा इतिहास

मराठीत ‘तुंबडी’ हा शब्द आता जवळपास एकाच कामाला उरला आहे. कुणी सार्वजनिक पैशावर हात मारला की आपण म्हणतो, त्याने स्वतःची तुंबडी भरली. तुंबडी म्हणजे वाळवून पोखरलेला भोपळा. वाक्प्रचारातली तुंबडी बहुधा गोसाव्याच्या भिक्षापात्राची असावी. पण त्याच भोपळ्याचा दुसरा धंदाही होता. अंगावर दुखऱ्या जागी तो उपडा लावायचा, आतली हवा विरळ करायची आणि ‘खराब रक्त’ ओढून काढायचं. तुंबड्या लावणारे वैदू गावोगाव फिरत. आमच्या शहरात आजही ‘हिजामा’च्या पाट्या दिसतात. तिथे भोपळ्याऐवजी प्लास्टिकचे पेले असतात, पण काम तेच.

या लेखाचा विषय त्या पेल्यांचा एक दूरचा, बराच महागडा नातेवाईक आहे. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेवर स्पंज ठेवतात, वरून पारदर्शक चिकट पडदा लावून ती हवाबंद करतात आणि नळीतून पंपाने सतत हलकी ओढ लावतात. डॉक्टर त्याला ‘व्हॅक’ म्हणतात, पुस्तकी नाव ऋण दाब उपचार. मी सॉफ्टवेअरवाला आहे, वैद्यकशास्त्र शिकलेलो नाही. पण हे यंत्र तीन आठवडे आमच्या पडेगावच्या घरात होतं आणि त्या काळात त्याचा इतिहास वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. ओढ लावणं माणसाला फार पूर्वीपासून येतं. बदलत गेलं ते एवढंच, की ओढ कशासाठी लावायची आणि ती मोजायची कुणी.

शिंग, भोपळा आणि बूट

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त काढण्याची तीन साधनं सांगितली आहेत : शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा. वातदोषाला शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा अशी वाटणी आहे. शिंगाने तोंडाने ओढायचं. भोपळ्यात मात्र पेटता दिवा ठेवायचा. दिव्याने आतली हवा तापते, प्रसरण पावते, काही बाहेर निघून जाते. भोपळा अंगावर बसला की दिवा विझतो, हवा निवते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. हा ऋण दाबच. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपक्रम दिले आहेत. धुणं, शोधन, रोपण, बांधणं असं बरंच काही त्यात येतं. जखम आधी स्वच्छ करावी आणि मग भरून आणावी, हा क्रम तिथे पक्का आहे.

यातली भूमिका ‘काढून टाकण्या’ची होती. शरीरात काहीतरी दूषित साठलं आहे, ते बाहेर ओढा. युरोपातल्या पेल्यांमागेही हाच विचार होता. १८३०च्या दशकात पॅरिसमध्ये व्हिक्टर-थिओडोर ज्यूनो नावाच्या डॉक्टरने तर अख्खा पाय मावेल असा धातूचा बूट बनवला आणि पंपाने त्यातली हवा काढायला सुरुवात केली. रक्त शरीराबाहेर न काढता पायात ओढून घ्यायचं आणि दुसरीकडचा ताण हलका करायचा, अशी त्याची कल्पना होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत ऑगस्ट बीअर या शल्यचिकित्सकाने दिशा उलटवली. पाठीच्या कण्यातून भूल देण्याच्या पद्धतीसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं, तेच हे बीअर. त्यांचं म्हणणं असं, की सूज आणि लाली हे शत्रू नव्हेत. दुखऱ्या भागात रक्त जास्त येतं ते बरं करण्यासाठीच, मग ते मुद्दाम आणू या. सहकारी रुडॉल्फ क्लाप यांच्याबरोबर त्यांनी गळवांवर आणि संसर्ग झालेल्या जागांवर काचेचे पेले लावले. साधन जवळपास जुनंच राहिलं, हेतू मात्र ‘रक्त काढा’वरून ‘रक्त आणा’वर आला.

दोन सुटे भाग

पुढे दोन गोष्टी वेगवेगळ्या रस्त्यांनी तयार झाल्या. १९५४मध्ये फ्रान्समध्ये हेन्री रेडाँ यांनी शस्त्रक्रियेनंतर टाक्यांखाली साठणारं रक्त आणि लस बंद बाटलीतल्या ओढीने काढायची पद्धत मांडली. आपल्याकडे ऑपरेशननंतर रुग्णाच्या कमरेला अकॉर्डियनसारख्या चुण्यांची प्लास्टिकची डबी लटकलेली दिसते, ती याच घराण्यातली. दाबून सोडली की ती फुगत जाते आणि फुगताना ओढते.

दुसरी गोष्ट पडद्याची. ‘जखमेला हवा लागू दे, सुकू दे,’ हे आपल्या प्रत्येक घरातलं वाक्य. १९६२मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही प्लास्टिकच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली. खपली हा नव्या पेशींच्या वाटेतला अडथळा निघाला. जखम बंद ठेवणं म्हणजे ती सडवणं, ही भीती हळूहळू ओसरली आणि त्वचेला चिकटणारे पारदर्शक पडदे बाजारात आले.

बंद नळीची ओढ आणि हवाबंद पडदा एकत्र आणणं एवढंच बाकी होतं. ते एका माणसाने एका दिवशी केलं असं सांगता येत नाही. १९८६ ते १९९१ या काळात सोव्हिएत शल्यचिकित्सकांनी पू झालेल्या जखमांवर निर्वात उपचार केल्याचे अनेक लेख रशियन नियतकालिकांत छापले. त्यांतल्या बागाउतदिनोव्ह यांच्या पद्धतीत स्पंजही होता. १९८९मध्ये अमेरिकेत मार्क चॅरिकर, कॅथरीन जेटर आणि सहकाऱ्यांनी पोटावरच्या, आतड्यातून पाझरणाऱ्या जखमांवर ओलं गॉज, नळी आणि चिकट पडदा लावून रुग्णालयातलंच सक्शन जोडलं. १९९३मध्ये जर्मनीत विम फ्लाइशमान यांनी उघड्या फ्रॅक्चरच्या पंधरा रुग्णांवर स्पंज आणि पडदा वापरल्याचं प्रसिद्ध केलं. या गटांना एकमेकांची फारशी खबर नव्हती. सुटे भाग बाजारात आले की एकच प्रोग्राम चार जण स्वतंत्रपणे लिहितात, हा अनुभव आमच्या क्षेत्रातही नेहमीचा.

जगाला माहीत झालं ते मात्र पाचवं नाव. नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम इथे प्लास्टिक सर्जन लुई आर्जेंटा आणि संशोधक मायकेल मॉरिक्वास यांनी डुकरांवर पद्धतशीर मोजणी केली. किती ओढ लावली की काय होतं? १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ दिली तेव्हा जखमेभोवतीचा रक्तप्रवाह चौपट झाला. ओढ ४००च्या वर नेली की रक्तप्रवाह उलट खुंटला. जखमेच्या तळाशी उगवणारं लाल दाणेदार मांस, म्हणजे जखम भरून येण्याची पहिली खूण, सलग ओढीने ६३ टक्क्यांनी आणि चालू-बंद ओढीने १०३ टक्क्यांनी जास्त वाढलं. १९९७मध्ये त्यांचे लेख आले. त्यांत ३०० रुग्ण-जखमांचा अनुभव होता आणि २९६ जखमांनी चांगला प्रतिसाद दिल्याचा दावा होता. यंत्राला अमेरिकी परवानगी १९९५मध्येच मिळाली होती. हेतू आता पुन्हा बदलला होता. ‘रक्त काढा’, मग ‘रक्त आणा’, आणि आता ‘मांस उगवू द्या’.

पाच इंच

१२५ हा आकडा मला कळला तो अण्णांमुळे. ते वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. निम्मी नोकरी कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम पंपांच्या संगतीत गेली. पडेगाव खुलताबादच्या रस्त्यावर आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून भद्रा मारुतीला पायी निघालेले लोक आमच्यासमोरूनच जातात. अण्णाही दरवर्षी जात, अनवाणी. मधुमेहाला चौदा वर्षं झाली होती आणि तळपायाची जाणीव गेली आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी अंगठ्याखाली काहीतरी रुतलं. त्यांना कळलं चौथ्या दिवशी, मोजा ओला लागला तेव्हा.

पुढचं वाचकांपैकी अनेकांनी आपल्या घरात पाहिलेलं असेल. अंगठा काढावा लागला. त्यानंतरची जखम दोन महिने जागची हलेना. एका डॉक्टरांनी अर्धा पाऊल काढण्याचं बोलून दाखवलं. दुसऱ्यांनी आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घेतली, रक्तपुरवठा बरा आहे याची खात्री केली, मेलेलं मांस काढलं आणि मग म्हणाले, तीन आठवडे मशीन लावून पाहू. भाडं दिवसाचं आणि दर तिसऱ्या दिवशी बदलायचं ड्रेसिंग वेगळं. आईने वहीत हिशोब मांडला आणि पान उलटून ठेवलं.

मशीन सुरू झालं तसं अण्णांनी विचारलं, “किती दाखवतंय?”

“एकशे पंचवीस.”

“इंचात सांग.”

“पाच इंच. थोडं कमीच.”

“पाच? एवढ्यात तर आमचं गॅस्केटसुद्धा बसायचं नाही रे. पंचवीस-सव्वीस लागायचे आम्हाला.”

ते खरंच होतं. पाच इंच पारा म्हणजे पावणेदोन मीटर पाणी वर चढवेल एवढीच ओढ, वातावरणाच्या दाबाचा साधारण सहावा भाग. शिंग तोंडाला लावणाऱ्यालाही काही क्षण एवढं जमलं असतं. अवघड आहे ते दिवसरात्र तेवढंच ठेवणं, कमी नाही आणि जास्त तर मुळीच नाही. त्या डबीत पंपाबरोबर एक सेन्सर आहे. तो दाब वाचतो, कमी पडला की पंप चालवतो, पुरेसा झाला की थांबवतो. हवा शिरली, नळी तुंबली किंवा डबा भरला की ओरडतो. ही फीडबॅक लूप आमच्या घरातल्या पाण्याच्या टाकीच्या फ्लोटमध्येही आहे, फक्त इथे चुकण्याची किंमत मोठी.

दुसऱ्या रात्री अलार्म वाजला. मी मॅन्युअल उघडलं, अण्णांनी कान लावला. बोटांच्या बेचक्यात पडदा नीट बसला नव्हता आणि तिथून बारीक सुस्कारा येत होता. “पंपाला काही झालेलं नसतं, नव्वद टक्के लीकच असते,” असं म्हणून त्यांनी जागा दाखवली. सकाळी सिस्टर आल्या, त्यांनी तिथे आणखी एक पट्टी चिकटवली आणि अलार्म थांबला.

आकड्याच्या आत काय?

अण्णांची जखम भरली. तीन आठवड्यांनी तळ लाल, दाणेदार झाला, मांडीची त्वचा लावता आली, पाऊल राहिलं. पण याचं श्रेय कशाला द्यायचं? त्याच दिवसांत मेलेलं मांस निघालं होतं, साखर इन्सुलिनवर काबूत आली होती आणि अण्णा दोन महिन्यांत पहिल्यांदा खरोखर झोपून होते, कारण नळीने त्यांना बांधून ठेवलं होतं. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्यावर बग कशाने गेला हे कोणताही इंजिनिअर शपथेवर सांगू शकत नाही.

वैद्यकातही हाच पेच आहे, आणि तिथे चाचण्या घेऊन तो सोडवायचा प्रयत्न झाला. २००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत पाऊल अंशतः कापलेले १६२ मधुमेही होते. यंत्राच्या गटात ५६ टक्के जखमा भरल्या, साध्या ड्रेसिंगच्या गटात ३९ टक्के. चाचणीचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा होता. २००८च्या ३४२ रुग्णांच्या चाचणीतही यंत्र पुढे होतं : ४३ विरुद्ध २९ टक्के. नंतर चित्र धूसर झालं. २०१८मध्ये ब्रिटनमध्ये पायाच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरच्या ४६० रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक सापडला नाही. २०२०च्या जर्मन चाचणीत मधुमेही पावलांच्या जखमा सोळा आठवड्यांत पूर्ण भरण्याचं प्रमाण यंत्राच्या गटात १४.६ टक्के होतं आणि नेहमीच्या उपचारात १२.१. म्हणजे यंत्र निरुपयोगी नाही, पण चमत्कारही नाही. कोणती जखम, कोणाच्या हातात आणि आधी काय केलं आहे, यावर सगळं ठरतं.

यंत्र आत नेमकं काय करतं याबद्दलही मतं बदलली. २००९मध्ये केपटाऊनच्या कैरिनोस आणि सहकाऱ्यांनी स्पंजाखालच्या मांसातला दाब मोजला तर तो वाढलेला निघाला. म्हणजे ऋण दाबाचं यंत्र मांसावर धन दाब देतं. विचार केला की उलगडतं. हवा निघाली की स्पंज आक्रसतो आणि बाहेरचं वातावरण त्याला जखमेवर दाबून धरतं. ज्या पावलाचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा आहे, त्याला हे दाबणं महागात पडू शकतं. अण्णांच्या रक्तवाहिन्या आधी तपासण्याचं कारण मला हे वाचल्यावर कळलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याच वर्षी इशारा दिला : दोन वर्षांत सहा मृत्यू आणि ७७ इजा. २०११पर्यंत नोंदी १२ मृत्यू आणि १७४ इजांवर गेल्या. सगळ्यात घातक कारण रक्तस्राव. उघड्या रक्तवाहिनीवर लावलेली ओढ आपलं काम इमानाने करत राहते.

दुसरा दाब

या इतिहासात एक समांतर धागा आहे आणि तो महाराष्ट्राच्या जास्त जवळचा आहे. न भरणाऱ्या पावलाच्या जखमा आपल्याकडे मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाच्या नावाने ओळखल्या जात. १९३६मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं, १९४९मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन. सेवाग्राममध्ये गांधीजी संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. त्या काळी समज असा होता, की रोग मांसच खातो, म्हणून बोटं झडतात आणि जखमा होतात.

वेल्लोरला १९४६पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हा समज मोडला. जखम होते ती वेदना गेल्यामुळे. दुखत नाही म्हणून माणूस खड्यावर, खिळ्यावर, त्याच फोडावर चालत राहतो आणि प्रत्येक पावलाला अख्खा देह त्या एका बिंदूवर येतो. त्यांनी पाय प्लास्टरमध्ये घातले, भार वाटून दिला आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला त्यातूनच रुजल्या. १९६६मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिलला गेले आणि हीच रीत तिथे मधुमेही पावलांना लागू झाली. आज तळव्याच्या जखमेवर भार काढणं हा पायाभूत उपचार मानला जातो.

पंपाच्या इतिहासात ब्रँड यांचं नाव येत नाही, पण पावलाच्या जखमेपुरतं मला ते निम्मं उत्तर वाटतं. पावलावरचा धन दाब काढला नाही तर ऋण दाब कितीही लावा, पहिल्याच पावलाला सगळं फुकट.

तुंबडी कुणाची

आता पैशाकडे येऊ. आर्जेंटा-मॉरिक्वास यांच्या पेटंटांचा वापराचा हक्क टेक्सासच्या केसीआय कंपनीकडे होता. स्पर्धक आले, खटले झाले आणि तेव्हा चॅरिकर-जेटर यांचं गॉज आणि बागाउतदिनोव्ह यांचे रशियन लेख कोर्टात पुरावा म्हणून उभे राहिले. नवं म्हणून विकलं जातंय ते आधीच होतं, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद. २००६मध्ये ज्युरीने पेटंट वैध ठरवली, पण गॉज वापरणाऱ्या ब्लूस्काय कंपनीने त्यांचं उल्लंघन केलं नाही असंही सांगितलं. पुढच्या खटल्यात खालच्या न्यायाधीशाने पेटंट रद्द केली, २०१२मध्ये वरच्या कोर्टाने तो निर्णय फिरवला. २०१९मध्ये केसीआयची मूळ कंपनी थ्रीएमने घेतली, कर्जासकट ६.७ अब्ज डॉलरला.

कंपनीने काहीच दिलं नाही असं म्हणता येणार नाही. मोजमाप, अलार्म, चाचण्या, हे सगळं त्या पैशातून आलं. पण पेटंटांच्या बाहेरही काम चालूच होतं. मणिपालच्या डॉ. प्रमोद कुमार यांनी स्पंजाशिवाय, जखमेभोवती पारदर्शक पिशवी बांधून अर्धा तास ओढ आणि साडेतीन तास विश्रांती अशी पद्धत २००८मध्ये मांडली. २०१०च्या हैतीच्या भूकंपानंतर एमआयटीच्या डॅनिएल झुरोव्हचिक तिथे हाताने दाबायचा, भात्यासारखा प्लास्टिकचा पंप घेऊन गेल्या. किंमत सुमारे तीन डॉलर, वीज लागत नाही. त्यांना कळलेली मुख्य गोष्ट अशी, की पंप हा प्रश्नच नव्हता. पडदा हवाबंद बसला तर एकदा दाबलेला भाता बराच काळ टिकतो. नाही बसला तर कुठलाच पंप पुरत नाही. हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, “मग? मी काय सांगत होतो?”

भारतातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत आज स्पंजाचा तुकडा, नाकातून घालायची रायल्स ट्यूब आणि भिंतीतलं सक्शन अशी जुळवाजुळव करून हाच उपचार होतो, आणि त्यावर शोधनिबंधही निघतात. मराठवाड्यातून घाटीत येणाऱ्या शेतमजुराला भाड्याचं मशीन परवडणार नाही, म्हणून ही जुळवाजुळव मला मोलाची वाटते. पण तिच्यात जे स्वस्तात येत नाही तेही ध्यानात ठेवायला हवं. भिंतीतलं सक्शन स्वतःहून ओरडत नाही. डबा अचानक लाल झाला तर ते थांबत नाही. सेन्सरची जागा तिथे जागी असलेली सिस्टर घेते, आणि एका सिस्टरवर किती खाटा आहेत यावर ती लूप चालते किंवा तुटते.

म्हणून घरात कुणाची जखम अडली आणि डॉक्टरांनी मशीनचं नाव काढलं, तर भाडं विचारण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पायाचा रक्तपुरवठा तपासला का? मेलेलं मांस आणि संसर्ग निघाला का? त्या जागेवरचा भार कसा काढणार? आणि रात्री अलार्म वाजला किंवा डब्यात रक्त दिसलं तर मशीन कुणी बंद करायचं, फोन कुणाला लावायचा? या चारांची उत्तरं मिळाली तर महागडं मशीन आणि तीन डॉलरचा भाता यांतला फरक बराच कमी होतो. उत्तरं नसतील, तर जखम भरेलच याची खात्री नाही. तुंबडी मात्र कुणाची तरी भरतेच.